उभ्या झाडाशी ओळख: टेप, सुतळी आणि एक वही

पहिला पाऊस झाला की आमच्या भागात रोपं वाटायचे मांडव पडतात. फोटो होतात, भाषणं होतात आणि दुपारपर्यंत कुणी ना कुणी काळ्या पिशवीतलं रोप काखेला लावून माझ्या दुकानात येतं. आलेली असते ब्लाउजचं माप द्यायला, पण पहिला प्रश्न रोपाचा. "ताई, हे कुठे लावू हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. तूर्त बाल्कनीत ठेवा, पाणी घाला, आणि तुमच्या फाटकाशी जे झाड उभं आहे ते कुठलं, ते आधी सांगा. बहुतेकींना सांगता येत नाही. वर्षानुवर्षं त्याच्याच सावलीत गाडी लावतात, पण तो करंज आहे का कडुनिंब, हे कधी मान वर करून बघितलेलं नसतं.

मी पुण्यात, एरंडवण्यात शिवणकाम करते. पहाटे टेकडी, दहा वाजल्यापासून मशीन. वनस्पतिशास्त्र मी शिकलेले नाही. जवळून बघायला आणि नीट माप घ्यायला मात्र पोटासाठी शिकले, आणि तेवढ्यावर झाडाशी चांगली ओळख होते असा माझा अनुभव आहे. "झाडाला मिठी मारा" असं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. माझा मिठीला विरोध नाही. आधी नाव विचारावं, एवढंच. लागणारं सामान म्हणजे शिंप्याची टेप, सुतळीचा गुंडा, दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात फुटते.

कुठलं झाड धरायचं

रोजच्या वाटेवरचं. बसथांबा, शाळेचं कुंपण, सोसायटीचं फाटक, देवळासमोरचा पार, काहीही चालेल. मुद्दाम वेळ काढून जावं लागेल असं झाड धरलंत तर पंधरा दिवसांत जाणं सुटतं. खोडाला हात लागला पाहिजे आणि निदान एक फांदी डोळ्यांच्या टप्प्यात हवी. फुलावर आलेलं झाड बघून भुलू नका. मे महिन्यात गुलमोहराच्या प्रेमात कोणीही पडतं. निवड करायची ती झाड साध्या कपड्यांत असताना.

देशी की परदेशी हा घोळ पहिल्याच दिवशी नको. गुलमोहर मादागास्करचा, आपल्या रस्त्यांवर छत्री धरून उभा असलेला वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. सावलीसाठी आणि शोभेसाठी आणले, रुजले, आता इथलेच रहिवासी झाले. वर्षावृक्षच तुमच्या वाट्याला आला असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला जाऊन त्याच्या पानांकडे बघा. समोरासमोरच्या पर्णिका, म्हणजे एका पानातल्या छोट्या पात्या, एकमेकींवर मिटत जातात आणि दिवसभर झाकलेलं आभाळ मधूनमधून दिसायला लागतं. भरून आलं की दुपारीही मिटतात. दुसरं झाड धराल तेव्हा मात्र देशी धरा. वड, उंबर, काटेसावर, वावळ, करंज, कडुनिंब, यांच्याकडे पाहुणेरावळे जास्त येतात आणि बघायला खूप मिळतं.

माझं झाड म्हणजे दुकानासमोरचा वावळ. त्याची फळं फाल्गुन-चैत्रात सुटतात. गोल, चपटी, मधोमध एक बी आणि भोवती कागदाहून पातळ पापुद्रा, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. वारा आला की उडत दुकानात शिरतात, मशीनच्या पायाशी साचतात, पिकोला आलेल्या साडीच्या घडीत सापडतात. पान चुरडून हुंगलंत तर नाक मुरडाल, वास बरा नाही. पण एकदा घेतला की वावळ पुन्हा चुकत नाही.

नाव कसं काढायचं

फुलाची वाट बघत बसू नका. फूल महिनाभर, साल बारा महिने. म्हणून आधी साल. हात ठेवा आणि काय लागतं ते वहीत लिहा: गुळगुळीत, खरखरीत, उभ्या भेगा, पापुद्रे, काटे. बुचाची साल बोटाने दाबली की मऊ लागते, पूर्वी तिची बुचं करायचे. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड बुडाचे टोकदार काटे असतात, झाड मोठं झालं की खालचे काटे बोथट होऊन नाहीसे होतात. अर्जुनाची फिकट साल मोठमोठ्या ढलप्यांनी सुटते. टेकडीवरच्या सालईला पातळ पापुद्रे येतात आणि जखमेतून डिंक येतो, तो सुगंधी असतो, धुपासाठी वापरतात.

मग पान. इथे नवख्या माणसाची एका जागी हमखास गल्लत होते. तुम्ही ज्याला पान म्हणता ती कदाचित पानाची एक पर्णिका असेल. ओळखायची खूण सोपी आहे. देठ जिथे फांदीला चिकटतो त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो, पुढच्या वर्षीचा कोंब. जिथे डोळा दिसेल तिथून पुढे सगळं मिळून एक पान. कडुनिंबाच्या काडीवर दोन्ही बाजूंना दातेरी पात्या असतात, पण त्या पात्यांच्या बुडाशी डोळा नाही, काडीच्या बुडाशी आहे. म्हणजे ती सगळी काडी हे एकच पान. एवढं कळलं की अर्धी झाडं आपोआप वेगळी होतात.

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप आहेत. वापरा, पण फोटो नीट द्या. पान दोन्ही बाजूंनी, साल जवळून, खाली पडलेलं फळ किंवा शेंग. लांबून काढलेल्या हिरव्या ढिगाऱ्याचा फोटो दिलात तर ते काहीही सांगतं. आणि सोसायटीतल्या एखाद्या जुन्या माळीबुवांना जरूर विचारा. त्यांनी सांगितलेलं नाव अ‍ॅपवर दिसलं नाही म्हणून चूक समजू नका, एकाच झाडाला इथे एक नाव आणि भोर-वेल्ह्याकडे दुसरं असतं.

दसऱ्याला याची परीक्षाच असते. सोनं म्हणून रस्त्यावर जे विकतात त्यात आपट्याबरोबर कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. खरं तर दोन्ही झाडं ओरबाडून ठेवण्याचं काही कारण नाही, एक पान देवापुढे पुरतं.

माप

हा माझा प्रांत, तेव्हा इथे जरा बसते.

खोडाचा घेर मोजायचा तो जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर. वनखात्यातली माणसंही छातीएवढ्या उंचीवरच माप घेतात. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून उंची धरायची. आधी खडूने खूण करा. शिंप्याची टेप ६० इंची असते, म्हातारं झाड तिला दाद देत नाही, म्हणून सुतळी. सुतळी खोडाभोवती आडवी फिरवा, मागच्या बाजूला ती खाली घसरलेली नाही ना हे एकदा चक्कर मारून बघा, गाठ न मारता चिमटीत धरा, काढा आणि टेपवर मोजा. ओढून घेऊ नका. माप घेताना टेप ओढली की ब्लाउज उसवतो आणि इथे आकडा खोटा येतो. त्या उंचीवर गाठ किंवा फांदीचा फुगवटा आला तर थोडं वर किंवा खाली सरका आणि सरकल्याचं वहीत लिहा. वडाला पारंब्यांची खोडं झालेली असतात, त्यांची बेरीज करत बसायचं नाही, मूळ खोड तेवढं धरायचं.

घेराला ३.१४ने भागलं की जाडी मिळते. १५७ सेंटिमीटर घेर म्हणजे ५० सेंटिमीटर जाडी.

वर्षातून एकदाच मोजा आणि दर वर्षी त्याच सुमारास. मी गुढीपाडव्याला मोजते. पावसाळ्यात ओली साल फुगते, तेव्हाचं माप आणि उन्हाळ्यातलं माप यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. आणि घेरावरून वय काढायच्या फंदात पडू नका. नाल्याकाठचा उंबर आणि मुरमावरचा उंबर एकाच वर्षी रुजलेले असले तरी बाप-लेक दिसतात. वय हवं असेल तर गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि घरातले जुने फोटो काढा. मुंजीच्या, बारशाच्या फोटोंत मागे झाडं उभी असतात. ते पुढे कामाला येतात, कसे ते खाली सांगते.

उंची मोजायला एक काठी पुरते. हात सरळ पुढे करून मुठीपासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर भरेल तेवढी काठी मुठीच्या वर उभी धरायची. मग एक डोळा मिटून मागे मागे जायचं. काठीचं खालचं टोक झाडाच्या बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबायचं. तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर तीच झाडाची उंची. जमीन सपाट हवी. आणि मागे जाताना रस्त्याकडे दुसऱ्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा, पुण्यातले दुचाकीवाले काठी बघून थांबत नाहीत.

माप घेताना खोडातले खिळे हाताला लागतील. क्लासच्या जाहिराती, भाड्याने खोली, रोपवाटपाचेच फलक. पुष्कळांची समजूत असते की झाड वाढलं की खिळा वर जाईल. जात नाही. झाड उंच होतं ते फांद्यांच्या टोकांतून, खोड जागच्या जागी नुसतं जाड होत जातं. पाच फुटांवर मारलेला खिळा पाच फुटांवरच राहतो आणि खोड त्याला हळूहळू गिळतं. सालीच्या लगेच आत जिवंत थर असतो, त्यातून नवं लाकूड आणि नवी साल तयार होते, आणि खिळा त्यालाच भोक पाडतो. डोकं बाहेर असलेले खिळे आणि पिना हातोडीच्या चिमट्याने सरळ ओढून काढता येतात. अर्धे गिळलेले असतील तर उकरू नका, जखम मोठी होते. भोकात रंग, डांबर, सिमेंट काही भरायचं नाही.

वही

आठवड्यातून एक नोंद पुरते. तारीख, पानं कोवळी की जून की गळती, कळी-फूल-फळ, कोण आलं होतं. तिथी लिहिलीत तर आणखी बरं, कारण पुण्याचं झाडांचं वेळापत्रक आपल्या सणांच्या आगेमागे चालतं.

माघात काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते. टेकडीवर गणेराची पिवळी फुलं, पळस, पांगारा, सगळे पानं टाकून फुललेले. उन्हाळा तोंडावर, जमिनीत पाणी नाही, म्हणून पानांचा खर्च बंद. आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे फुलं पाखरांना लांबून दिसतात. सकाळी सात वाजता फुललेल्या सावरीखाली वीस मिनिटं गप्प उभं राहा. मैना, कावळे, बुलबुल, शिंजीर, खारी, एका वेळी एवढी गर्दी तुळशीबागेतही नसते. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी. वैशाखात बहावा आणि ताम्हण. ताम्हणाचं फूल हे आपलं राज्यफूल आणि राज्यवृक्ष आंबा, हे पोरांना सामान्यज्ञानासाठी पाठ असतं, पण ताम्हणाचं झाड विचारलं की गप्प. ज्येष्ठात जांभळांचा सडा. श्रावणात कदंब. नवरात्रानंतर सातविणीचा वास, काहींना तो सहन होत नाही, डोकं दुखतं. त्याच सुमारास बूच फुलतो. त्याची लांब नळीची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि सकाळी रस्त्यावर पडलेली असतात, वेचून देठांचीच वेणी गुंफता येते. थंडीत शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात.

उंबर धरला असेल तर एक काम करा. पिकत आलेलं एक उंबर घ्या आणि ब्लेडने मधोमध उभं कापा. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतल्या बाजूला फुलं असलेली बंद पिशवी असते. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी झाकलेलं बारीक भोक दिसेल. तिथून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते. वाट इतकी चिंचोळी, की शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात आणि भिंत कुरतडून वाट पाडतात. माद्या नवे पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या उंबराकडे निघून जातात. अगदी वेळेवर कापलंत तर त्या बारीक काळपट माश्या ब्लेडवर चालताना दिसतात. हे बघितल्यावर तुम्हाला उंबर खाववेल की नाही ते मी सांगत नाही. तांबट, कोकीळ, राखी धनेश आणि रात्री वटवाघळं मात्र काही न बघता खातात.

आणि हो, पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो असं कुणी ठासून सांगितलं तर वहीत लिहू नका. प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात पिंपळही तुमच्या-आमच्यासारखा श्वासच घेतो. त्याची थोरवी यावर अवलंबून नाही.

वटपौर्णिमेचा दोरा

फांदी विकत आणून कुंडीत खोचून पूजा करणाऱ्यांशी मी वाद घालते आणि पुढेही घालणार. फांदीसाठी कुठला तरी वड त्याच दिवशी खरवडलेला असतो. घरापासून वड लांब असेल तर आदल्या रविवारी जाऊन या, देव तारखेवरून भांडत नाही. पण झाडाशी जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे आणि ती शिंपीच सांगू शकतो. खोडाला गुंडाळायचा दोरा सुती हवा. बाजारात पांढऱ्या गुंड्या म्हणून पॉलिएस्टरही मिळतो. टोक काडीने पेटवून बघा. सुती असेल तर जळलेल्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतो आणि टोकाला काळी कडक गोळी होते. सुती दोरा पावसात कुजून जातो. पॉलिएस्टर वर्षानुवर्षं तसाच राहतो, पारंब्यांत आणि पाखरांच्या पायांत अडकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन जायचं आणि दोरे कापून आणायचे. आमच्याकडच्या तिघीचौघी हे करतात. कापूर आणि निरांजन खोडाला टेकवून ठेवू नका, साल भाजते.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर

रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक जोरकस औषधं कमी लागली. जपानच्या वनखात्याने १९८२मध्ये 'शिनरिन-योकु' म्हणजे वनस्नान हा प्रकार सुरू केला, आता आपल्याकडेही पैसे भरून त्याच्या कार्यशाळा होतात. पैसे न भरता करण्यासारखं एक सांगते. सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा आम्ही पलंग फिरवला. पण उभ्याने बघून पलंगाची जागा ठरवू नका. उभ्या माणसाला झाड दिसतं तिथून झोपलेल्याला नुसती खिडकीची जाळी नाहीतर पंखा दिसतो. स्वतः त्या पलंगावर आडवं व्हा, उशीवर डोकं ठेवा आणि मग सरकवा. सासूबाईंना बुचाचा शेंडा दिसायला लागला तसा त्यांच्या तक्रारींचा विषय बदलला. आता त्या कावळ्यांविषयी बोलायच्या.

टेकडी आणि देवराई

एका झाडाशी ओळख झाली की रान बघायला जा. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातला सगळ्यांत उंच भाग. वाटेवर जे दाट रान लागतं त्यातलं बरंचसं गिरिपुष्प आहे, मूळ मध्य अमेरिकेतलं, लवकर वाढतं म्हणून लावलेलं. माघात त्याला फिकट गुलाबी तुरे येतात. सावली देतं, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण त्या सलग रानात पाच मिनिटं थांबा, नंतर सालई, मेडशिंगी, गणेर, हिवर, बोर असलेल्या मोकळ्या माळावर पाच मिनिटं थांबा, आणि दोन्हीकडे ऐकू आलेले आवाज वहीत लिहा. फरक तुमचा तुम्हाला कळेल.

माळ रिकामा दिसतो म्हणून तिथे रोपं खोचू नका. गवत हेही इथलं रानच आहे, लावे-तितर तिथेच घरटी घालतात. कार्तिक-मार्गशीर्षात कुसळं पिकतात. तेव्हा लेगिंग किंवा लोकरी कपडा नको, जाड सुती सलवार घाला, कुसळ त्यात कमी रुततं आणि रुतलं तर टोकाच्या बाजूने ओढून निघतं. होळीपासून पाऊस येईपर्यंत सगळं गवत वाळलेलं असतं, एका विडीने डोंगर जळतो. मोराला, कुत्र्यांना खाऊ टाकणं, मोठ्याने गाणी लावणं, यावर मी काही लिहीत नाही, टेकडीवर माझा आवाज ऐकला असेल.

देवराईला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, वर्षातून एकदा जावं. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ, चारही तालुक्यांत आहेत. माधव गाडगीळ आणि व. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात गावोगाव हिंडून या राया नोंदवल्या, त्याआधी बाहेरच्यांना त्यांची फारशी खबर नव्हती. त्या टिकल्या कारण झाडं देवाच्या मालकीची आणि देवाच्या वस्तूला हात लावायची छाती कुणाची नव्हती. गेल्यावर आधी गावात विचारा, चप्पल कुठे काढायची तेही विचारा. वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, बी खिशात घालायचं नाही. आत गेलात की हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा शोधा आणि बुंध्याभोवती सुतळी पुरते का ते बघा. गारंबीची वेल असली तर तिची शेंग पायाखाली मिळेल, माझी टेप उलगडावी लागेल एवढी लांब. मोजा आणि होती तिथेच ठेवा. कमी माणसं न्या. बस भरून न्यायची ही जागा नव्हे.

शहरातच काही बघायचं तर गणेशखिंडचं उद्यान आहे, १८७३ सालचं, जुन्या आमराईचं. २०२०मध्ये सरकारने ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. आत जायचं ते विचारून.

राखण

आता वहीचा खरा उपयोग. फूटपाथचं काम निघालं की झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात. ओतायच्या आधी मुकादमाला गाठा, ओतल्यावर फोडायला कोणी येत नाही. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी सोडायला सांगा. बहुतेक बारीक मुळं वरच्या दीडेक फूट मातीत असतात, त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. लहानपणी बसवलेली लोखंडी जाळी खोडात रुतायला लागली असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. पानगळ जाळू नका, आळ्यातच पसरा.

आपल्याकडे झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५चा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त करवत चालवणं नव्हे, जाळणं आणि कुठल्याही तऱ्हेने इजा करणंही त्यात येतं. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. वयाचा पुरावा मागतात तेव्हा ते मुंजीचे फोटो काढायचे. मागे झाड, पुढे मुंजा, आणि पत्रिकेवर तारीख.

झाडावर तोडणीची नोटीस डकवलेली दिसली तर त्याच दिवशी तिचा फोटो काढा, तारीख आणि क्रमांक वाचता येईल असा. दुसऱ्या दिवशी पावसाने गेली असं होतं. हरकत लेखी द्या आणि मुदतीत द्या. "झाडं वाचवा, पर्यावरण वाचवा" असं लिहून काही होत नाही, तसले अर्ज ढिगाने येतात. आमच्या गल्लीतल्या एका झाडासाठी अर्ज लिहिला तेव्हा मी एवढंच लिहिलं होतं: झाड कुठलं, नेमकं कुठे, साडेचार फुटांवर घेर किती, गेल्या वर्षी किती होता, पोकळी किंवा वाळकी फांदी आहे का, घरटं कुणाचं आणि त्यात पिल्लं आहेत का, आणि धोका वाटतोय तो एका फांदीचा असेल तर तेवढीच फांदी उतरवता येईल का. नुसती छाटणी असेल तरी घरट्याचं बघून, पिल्लं उडेपर्यंत थांबायची विनंती करा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि सही घेऊन पोच म्हणून वहीत डकवा. शिक्का मारायला "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बसून राहा. मी तेवढ्या वेळात हुक लावून घेते.